गाठींची तार

अर्धवट वस्तू घरी आणायची नाही, हा माझा हट्ट. तीस वर्षं आयोवातल्या शेतांवरून जुनी पेरणीयंत्रं विकत घेतोय. बियांच्या डब्याचं झाकण दुसऱ्या यंत्राचं निघालं तरी माझं डोकं फिरतं. म्हणून यंत्र विकणाऱ्या लिओटाबाई जेव्हा म्हणाल्या, "यंत्र ने, तार राहू दे," तेव्हा मी चक्क हसलो.

"अहो, तारेशिवाय मका पेरणार कसा?"

शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची तार ती. दर चाळीस इंचांवर गाठ. गाठ यंत्रातून गेली की खट् होतं आणि तीन दाणे जमिनीत पडतात.

"पेरायचंय कशाला? शोभेला ठेव की."

ऐंशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. मी हटलो नाही. शेवटी त्यांनी तार ठेवलेल्या कोठाराची किल्ली माझ्या हातावर टेकवली आणि पाठ फिरवून आत गेल्या.

खरं सांगायचं तर मला हाताला काम हवं होतं. माझ्या बायकोचं, लव्हॉनचं, फेब्रुवारीत कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. सगळं निघालं की नाही, ते जुलैच्या तपासणीत कळणार होतं. तोवर घरात बसवतच नव्हतं. गंज खरवडला, दातेरी चाकं रॉकेलमध्ये भिजत घातली, दांडा नवा बसवला, लाल रंगाचे दोन हात दिले. लव्हॉन खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसायची.

"माझ्यापेक्षा त्याचेच लाड चाललेत," म्हणायची.

मे महिन्यात शेजाऱ्याचे घोडे जुंपले. "यंत्रावर मीच बसणार," म्हणून लव्हॉन अडून बसली. तिचे पाय खालच्या दांड्याला पोचेनात. मी फळी बांधून दिली आणि बाजूने चालू लागलो. खट्. खट्. खट्. एकदाच ते वाजलं नाही. घोडे जागीच थांबले. मी वाकून पाहिलं, तार नीट होती, गाठही जागेवर होती.

"गार वारा आला का रे?" लव्हॉनने विचारलं. पान हलत नव्हतं.

जूनअखेर मका गुडघ्याला लागला. उभ्या-आडव्या सरळ ओळी, एकच जागा रिकामी. तिथे तणही नाही. मी हाताने दाणे टोचले, पाणी घातलं. काही उगवलं नाही. काळी माती, कडा सुरीनं कापल्यासारख्या. राहवेना, लांबीला टेप लावला.

पाच फूट एक इंच.

घरात येऊन लिओटाबाईंना फोन केला.

"शेतात एक जागा रिकामी राहिलीय," मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आमच्याकडेही राहिली होती. माझा नवरा ऑरिन गेला, त्या वर्षी. सहा फूट तीन इंच. तेवढाच उंच होता तो." मग हळूच, "तुझी किती रे?"

टेप अजून माझ्या हातातच होता.

"आर्लन!" स्वयंपाकघरातून लव्हॉन ओरडली. "ती वरची बरणी काढून दे बघू. लग्नापासून सांगतेय, त्या फळीला माझा हात पोचत नाही."