आठ मिलिमीटर

भोसरीत माझं शाफ्टचं वर्कशॉप आहे. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखाली फिरत असतो, तो कापायचा, जोडायचा आणि बॅलन्स करायचा, हे माझं काम. लातूरहून आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता मिशा पिकल्या. या सगळ्या वर्षांत गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगून माझा घसा बसला, की माप मी स्वतः घेणार. मोबाइलवर पाठवलेलं माप मी वाचतसुद्धा नाही. लोक पायजम्यात नाडी ओवावी तशी टेप लावतात आणि शाफ्ट आखूड निघाला की शिव्या मला.

माझा दुसरा हट्ट म्हणजे माप घेताना चालवणारा माणूस सीटवर हवा. जीपसारखी हलकी गाडी माणूस बसला की दबते आणि अंतर बदलतं. डोंगरात फिरवण्यासाठी गिअरबॉक्स बदललेला असेल तर विचारूच नका. नवा गिअरबॉक्स लांब असतो, म्हणून मागच्या शाफ्टला जेमतेम दोन वितींची जागा उरते. एवढ्याशा शाफ्टमध्ये चूक खपत नाही.

डिसेंबरात सुजित नावाचा मुलगा आला. राहायला संत तुकाराम नगरात, नोकरी चाकणच्या कंपनीत. त्याच्या मित्राची, रणजीतची, जुनी जीप होती. दोघांनी सुट्टीचे दिवस घालवून तिचा गिअरबॉक्स बदलला होता आणि शाफ्ट तेवढा राहिला होता. तेवढ्यात रणजीत गेला. दुसऱ्या शिफ्टला निघाला होता, हायवेवर त्याच्या मोटरसायकलला कंटेनरने उडवलं. हे सांगताना सुजित माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवर टांगलेल्या शाफ्टांकडे बघत होता.

जीप चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या वाटेवर रणजीतच्या घरी होती. त्यांची जमीन गोदामासाठी विकली गेली होती. आता घरही पाडायचं होतं आणि सोमवारी सकाळी जेसीबी येणार होता. रणजीतची आई शालनबाई राजगुरुनगरला लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या. जीप त्यांनी सुजितला देऊन टाकली होती. ती तो क्रेनने ओढून नेऊ शकला असता, पण बाई ऐकत नव्हत्या.

"माझ्या रणजीतला परक्याच्या टेम्पोतनं आणला," त्या मला म्हणाल्या. "त्याची गाडी दोराला बांधून न्हाई जायची. सोताच्या चाकावर जाईल, न्हाईतर जेसीबीखाली जाईल."

सोमवारच्या आधीच्या बुधवारी मी माप घ्यायला गेलो, तेव्हाच त्या हे बोलल्या. पत्र्याच्या शेडमध्ये हिरवी जीप उभी होती, बॉनेटवर धुळीचा थर. मी गाडीखाली शिरलो. रिकाम्या गाडीचं अंतर भरलं चारशे चौऱ्याण्णव मिलिमीटर. मग सवयीने, खालूनच म्हणालो, "मालक, बसा सीटवर."

सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या आणि गाडी माझ्यावर थोडी खाली आली. पुन्हा टेप लावली. चारशे शहाऐंशी. म्हणजे आठ मिलिमीटरचा फरक, साधारण एका माणसाचा. वहीत लिहिलं आणि बाहेर आलो.

सीटवर कोणी नव्हतं. सुजित लांब फाटकापाशी फोनवर बोलत होता, शालनबाई घरात भांडी बांधत होत्या. आपण 'मालक' म्हणून कोणाला बोलावलं ते तेव्हा ध्यानात आलं आणि मला माझीच लाज वाटली. मी सुजितला विचारलं, तो म्हणाला, मी गाडीला हातही लावला नाही. मग मी स्वतःची समजूत घातली. गाडी जुनी, स्प्रिंगचे पाटे गंजलेले, अडकलेला पाटा एखादे वेळी आपोआप सुटतो. माप तर बरोबर आलं होतं, एक माणूस बसल्यावर यायला हवं तेवढंच. त्यावर मी शाफ्ट केला.

रविवारी दुपारी तो घेऊन गेलो. शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात. चालवणारा बसला की सरकता भाग जिथे थांबायला हवा तिथे मी पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवतो. शाफ्ट बसवला, बोल्ट आवळले आणि टॉर्च लावून बघितलं. सरकता भाग नेमका रेघेवर उभा होता.

गाडी रिकामी होती. तो रेघेच्या आठ मिलिमीटर अलीकडे असायला हवा होता.

मी सुजितला सीटवर बसायला सांगितलं. गाडी आणखी दबली आणि रेघ आत गेली. खड्ड्यासाठी ठेवलेली मोकळीक जवळजवळ संपली. असा शाफ्ट घेऊन निघालं तर हायवेला लागण्याआधीच तो तळाला आदळणार आणि नवा गिअरबॉक्स फुटणार.

मी सगळं तपासलं. चाकांतली हवा पाहिली. सीटखालचा डबा उपसला, त्यात दोन पाने आणि एक रुमाल निघाला. बंपरवर उभं राहून गाडी हलवली. पाटे छान खेळत होते, कुठेही अडकलेले नव्हते. मडगार्ड आणि टायरमधलं अंतर डावीकडे सव्वाचार बोटं होतं आणि उजवीकडे, चालवणाऱ्याच्या बाजूला, साडेतीन. मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण आता हे त्या बाईंना सांगायला हवं होतं. शाफ्ट पुन्हा कापून बॅलन्स करायला दोन दिवस लागणार होते आणि हातात एक रात्र होती.

शालनबाई पाणी घेऊन आल्या. मी म्हणालो, "काकू, गाडी अशी नेता येणार नाही. गाडीवर वजन आहे."

"कसलं वजन?"

"दिसत नाही. उजव्या सीटच्या बाजूला आहे."

"किती असंल?"

"साठ-पासष्ट किलो."

"दवाखान्यात मोजला तवा बासष्ट व्हता," त्या म्हणाल्या. "लई वाळला व्हता ओव्हरटाइम करून."

सुजित शेडच्या खांबाला टेकून रडायला लागला. शालनबाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं आणि मला विचारलं की वजन उतरलं तर गाडी जाईल का. मी म्हणालो, जाईल. वजन उतरलं की मला खालून कळेल का, असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि पुन्हा गाडीखाली शिरलो. टॉर्च रेघेवर धरला.

मला त्यांचे पाय दिसत होते. जोडवी काढलेली, टाचांना भेगा. त्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"रणजीत," त्या म्हणाल्या. "सुजित नेतोय गाडी. तू उतर आता."

काही झालं नाही.

"मला ठावं हाय तुला जायचं व्हतं. उतर, बाळा. आयचं ऐक."

सीट कुरकुरली.

माझ्या तोंडासमोर सरकता भाग मागे सरकला. रेघ मोकळी झाली आणि तिच्यापुढे ग्रीस लागलेलं कोरं लोखंड चमकलं. मी टेप लावली नाही. किती आहे ते मला ठाऊक होतं.

शालनबाईंचे पाय एक पाऊल मागे झाले, वाट द्यावी तसे.

सुजित बसला तेव्हा सरकता भाग बरोबर रेघेवर आला. इंजिन दोन वेळा खोकून सुरू झालं. तो फाटकातून बाहेर पडला, कंटेनरच्या रांगेत शिरला आणि दिसेनासा झाला. शाफ्टचा आवाज कुठेही नव्हता, मी कान देऊन ऐकत होतो. एवढं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

घरातलं सामान आधीच गेलं होतं. अंगणात नायलॉनच्या पट्ट्यांची एक बाज तेवढी मागे राहिली होती. शालनबाई तिच्या मधोमध बसल्या. त्यांना एकटं टाकून निघणं मला जमेना, म्हणून मी समोर उभा राहून उगाच पाने पुसत होतो. जावई सहा वाजता न्यायला येणार, असं त्या म्हणाल्या. राजगुरुनगरात करमेल का असं मी विचारलं, तेव्हा त्या बाजेची सुटलेली पट्टी पुन्हा खोचू लागल्या.

मग त्यांच्या शेजारच्या पट्ट्या हळूहळू ताणून खाली गेल्या.

शालनबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या फक्त जराशा सरकून बसल्या.