सावड

शाळामास्तर गंगाधरने मुंबईहून कॅनव्हासची कयाक आणली होती. लांबट, निमुळती, एका माणसापुरती होडी. हौसेला मोल नसतं! रविवारी तो ती अलिबागच्या समुद्रात नेणार होता. पण बायकोने, वासंतीने अट घातली होती. होडी उलटल्यावर कुणाच्याही मदतीशिवाय परत चढून दाखवायचं, मगच समुद्र. तिचा सख्खा भाऊ खाडीच्या तोंडाशी बुडाला होता, त्यामुळे गंगाधरलाही वाद घालता येईना.

दुपार ढगाळ होती. तुंगार्लीच्या तलावाचं पाणी काळपट, निपचित. काठापासून जरा आत गंगाधर मुद्दाम होडी उलटी करी, खालून निसटे, ती सुलटी करी आणि कडेवर पोट टेकून चढू पाही. लगेच पलीकडची कड उचलली जाई आणि स्वारी पुन्हा पाण्यात. नाकातोंडात पाणी जाऊन जाऊन तो वैतागला.

"अरे, पलीकडून कुणी हात लावा रे!" तो ओरडला.

काठावर गवत कापणारी धोंडाबाई ताठ झाली. "मास्तर, आसं बोलू नगा. धरनाच्या पान्याखाली आमची भाताची खाचरं हायती. खाचरात हाळी दिली की सावडीला कुनीबी येतं."

सावड म्हणजे आज तू माझ्या लावणीला, उद्या मी तुझ्या. मावळात ती कुणी बुडवत नाही. गंगाधर हसला आणि त्याने पुन्हा कडेवर पोट टेकलं.

होडी जराही कलली नाही.

ओट्यावर चढावं तसा तो आत चढला. "जमलं गं!" त्याने वल्हं उंचावलं.

काठावर उभ्या वासंतीने पदर तोंडाशी धरला होता. "मी नाही जाऊ देणार तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही एकटे नाही चढलात."

त्याने पलीकडे वाकून पाहिलं. नुसतं पाणी.

"आता सावड फेडावी लागंल," धोंडाबाई पुटपुटली.

तो जोराने काठाकडे वल्हवू लागला. होडी जड चालत होती.

काठाशी तो घाईघाईने उतरला. माणूस उतरला की होडी चटकन वर येते.

ही आली नाही.

वासंतीने त्याचा दंड घट्ट धरला. होडीचं नाक सावकाश तलावाच्या मध्याकडे वळलं आणि ती काठाशीच थांबली, कुणाची वाट बघावी तशी.