डाव्या बाजूचा ब्रेक

केंद्राच्या उपाहारगृहात कुणाच्या तरी हातून स्टीलचा पेला निसटला, आणि टेबलाभोवती बसलेल्या सहाही जणांचा डावा पाय एकदम फरशीवर आदळला. धप्प! चहा सांडला, पोहे उडाले. सगळे क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग जे हसू फुटलं ते कुणालाच आवरेना. मयुरी लोहार तर डोळे पुसत हसली. घाटचालक प्रशिक्षण केंद्रात येऊन तिला पाच महिने झाले होते.

"झालं! सगळ्यांना डावं लागलं," वाढणारे मामा फडकं घेऊन आले. "पुसा आता आपापलं."

'डावं लागणं' हा तिथला नेहमीचा विनोद होता. मयुरीलाही तो विनोदच वाटायचा.

आता हे केंद्र कशासाठी, ते सांगायला हवं. सपाटीवर गाड्या आपल्या आपण चालायला लागल्याला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. पुण्याला जायचं तर माणूस गाडीत बसतो, झोपतो, आणि गाडी त्याला दारात उतरवते. पण घाट म्हणजे घाट. दरीत उपग्रहाचा संदेश पोचत नाही, धुक्यात कॅमेरे आंधळे होतात, आणि रस्त्यात बसलेली म्हैस उठणार की नाही हे भल्याभल्या यंत्रांना अजून कळलेलं नाही. म्हणून कराड-चिपळूण रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटात आणि आजूबाजूच्या वाड्यांमध्ये अजून माणसंच गाडी चालवत होती. मात्र नव्या माणसाला शिकायचं असेल तर परवानाधारक प्रशिक्षकाकडेच, आणि तेही पूर्वभान पट्टा बांधूनच. तसा कायदाच होता.

पट्टा दिसायला साधा, कमरेच्या दुखण्याला बांधतात तसा. एक शिकणाऱ्याला, एक शिकवणाऱ्याला. केंद्राच्या प्रमुख साळोखे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "माणूस घाबरतो ना, ते आधी अंगाला कळतं, मग डोक्याला. मध्ये जेमतेम अर्धा सेकंद जातो. शिकणाऱ्याच्या अंगाची ती भीती हा पट्टा टिपतो आणि तुमच्या डाव्या पोटरीत झिणझिणी येते. त्याचं डोकं जागं व्हायच्या आत तुमचा पाय तुमच्या बाजूच्या ब्रेकवर हवा. तीनशे तास सराव केलात की पाय तुम्हाला विचारायचंच सोडून देईल."

तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मयुरी करंजवडे गावची. घाटाच्या कुशीत अकराशे वस्तीचं गाव, पंचायतीची एक जीप आणि ती चालवणारी ही एकटी, चौदा वर्षं. दोन वर्षांपूर्वी मयुरी तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. त्याच आठवड्यात धोंडूबाई पवारला छातीत कळ आली. गावानं तिला डोलीत घालून घाटाखाली न्यायला घेतलं, पण ती वाटेतच गेली. मयुरीच्या मनाला ते फार लागलं. गावात आणखी चार-पाच जणींना गाडी यायलाच पाहिजे, असं तिनं ठरवलं. तिला स्वतःला शिकवणारे बाबरकाका पाटणला प्रशिक्षक होते. त्यांनीच तिचं नाव केंद्राला कळवलं, आणि ती हरखून गेली होती.

दोनशे एकतिसावा तास झाला त्या आठवड्यात तिला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. पाच महिन्यांत पहिलीच. घरी पोचून पाणी पितेय तोवर निरोप आला की शेजारच्या संगीताला कळा सुरू झाल्यात. मयुरीनं पट्टा काढून केंद्रातच ठेवला होता, त्यामुळे कमर मोकळी मोकळी वाटत होती. तिनं किल्ली घेतली. मागे संगीता, तिची सासू, आणि पुढे मयुरीची भाची सानिका. भर दुपार, लख्ख ऊन, रस्ता पाठ. काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिल्या वळणावर समोरून ट्रक आला. रोज येतात तसाच. मयुरीच्या मनात काही यायच्या आत तिचा डावा पाय उसळला आणि ब्रेकवर जाऊन पडला. गाड्यांमधून क्लच गेल्यापासून डाव्या पायाला काही काम उरलं नव्हतं, तो आपला कोपऱ्यात पडून असायचा. आज तो मालक झाला होता. जीप वळणाच्या ऐन मध्यावर थिजली. ट्रकवाला शिव्या घालत एका विताच्या अंतरानं निघून गेला.

"आत्या, काय झालं?" सानिका ओरडली.

"काही नाही गं. सवय."

पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्या वळणावरही तेच. दगड दिसला, कुत्रं दिसलं, नुसती फांदी हलली, की पाय ब्रेकवर. मागे संगीता विव्हळत होती, तिची सासू देवाचं नाव घेत होती. मयुरीनं ओढणीनं डावा पाय सीटच्या लोखंडाला करकचून बांधला. तर आता अख्खं अंगच ताठ व्हायला लागलं, हात चाकावर गोठायला लागले. चाळीस मिनिटांच्या वाटेला दोन तास लागले. संगीता दवाखान्याच्या पायरीवर बाळंत झाली. मायलेकी दोघी वाचल्या, हे नशीब. मयुरी मात्र जीपमधून उतरलीच नाही, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. चौदा वर्षांत ज्या रस्त्याची तिला कधी भीती वाटली नव्हती, त्याच रस्त्यानं तिला परकं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बसनं पाटणला गेली. बाबरकाका शिकाऊ गाडीतच होते, डावीकडच्या सीटवर, डबा उघडून बसलेले. ती दार उघडून चाकामागे बसली आणि तिचं डोकं सणकलं.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं."

काकांनी भाकरी खाली ठेवली. "कितवा तास झाला?"

"दोनशे एकतीस."

"मग उशीर झाला पोरी. दोनशेच्या वर गेलं की पाय माघारी फिरत न्हाई. म्या दीड वर्स झालं, गाडी चालवली न्हाई. घरनं हितं सुदीक भाच्याच्या मागं बसून येतो, आन् त्यालाबी सांगतो, हळू, हळू."

"मग माझं नाव का दिलंत? मी मुलीसारखी म्हणायचात ना!"

"द्यावंच लागतं." काका तिच्याकडे बघत नव्हते. "परवाना मिळाला की वर्साच्या आत आपण शिकिवलेल्यांतलं येक नाव द्यायचं. सगळ्यात चांगलं. न्हाई दिलं तर परवाना रद्द. माझ्याकडं तवा बारा पोरं-पोरी शिकत हुती. परवाना गेला असता तर त्यांचं काय? आन् माझं काय? मला चालवता येत न्हाई, शिकवताबी आलं नसतं, मग मी करायचं काय? आन् सगळ्यात चांगली तू हुतीस. आता बोल, काय चुकलं माझं?"

काय चुकलं त्यांचं? मयुरीला त्यांची गचांडी धरावीशी वाटत होती आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. केंद्राच्या करारात एकेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होतं, ते तिनं परतीच्या बसमध्ये बसून पुन्हा वाचलं: 'प्रशिक्षणोत्तर काळात उमेदवाराच्या स्वयंचालन सवयींत काही बदल संभवतो.' वा रे वा! याला म्हणतात शब्दांची सफाई. खाली तिचीच सही होती, ठसठशीत.

सोडून द्यावं तर हातात काहीच नाही. गाडी गेलीच होती, प्रशिक्षकाचा परवानाही हातचा गेला असता, आणि करंजवड्याला पुन्हा डोली. पूर्ण करावं तर निदान शिकवता तरी येईल. म्हणजे बाहेर पडायला एकच दार होतं, आणि तेही आतल्या खोलीत उघडणारं. मयुरी परत गेली.

शेवटचे पंचवीस तास कधीही गाडी न चालवलेल्या माणसाला शिकवण्यात घालवायचे असतात, आणि अखेरच्या तासाला परीक्षा होते. ते माणूस उमेदवारानंच आणायचं. मयुरीनं सानिकाला आणलं. एकोणीस वर्षांची पोरगी, हसरी, बडबडी, भीती कशाशी खातात हे न कळणारी. पंचवीस तासांनी शिकणाऱ्याला काही होत नाही, हे मयुरीनं तीन जणांना विचारून पक्कं केलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मागच्या सीटवर साळोखे मॅडम वही घेऊन बसल्या. अट सोपी होती. घाट उतरायचा आणि गरज नसताना डाव्या बाजूचा ब्रेक दोनदापेक्षा जास्त दाबायचा नाही.

पहिल्याच वळणावर मयुरीचा पाय पडला. "एक," मॅडम म्हणाल्या.

"आत्या, मी बघितला होता तो टेम्पो," सानिका म्हणाली. "तू कशाला घाबरतेस?"

तिसऱ्या वळणावर रस्त्यात मुरूम सांडला होता. पुन्हा पाय. "दोन."

मयुरीनं पाय मागे ओढून घेतला. पोटरीत झिणझिणी तर आलीच नव्हती. मग पाय कुणाच्या भीतीनं पडला? तिनं डोळे मिटले आणि नुसतं पट्ट्याकडे लक्ष दिलं. सानिकाकडून काहीही येत नव्हतं. गाडी वळत होती, दरी उजवीकडून डावीकडे येत होती, आणि त्या पोरीच्या अंगात साधी शिरशिरी नव्हती. भीती होती ती सगळी मयुरीची स्वतःची. मग तिनं एक गोष्ट केली, जी केंद्रात कुणी शिकवली नव्हती. समोर बघायचंच सोडलं. ती सानिकाच्या हातांकडे बघत राहिली. हात सैल होते, बोटं चाकावर हलकेच सरकत होती. पंधरा वळणं तशीच गेली आणि पाय जागचा हलला नाही.

त्या पंधरा वळणांत मयुरीला आपल्या भाचीचा हेवा वाटला. अगदी पोटातून, जळजळीत. लगेच लाजही वाटली. आपण हिला काय देऊन बसलोय आणि आपल्याकडून काय गेलंय, हे तिला तेव्हा पुरतं कळलं.

पायथ्याशी गाडी थांबली. "उत्तीर्ण," साळोखे मॅडमनी वही मिटली. "भीती तुमची की तिची, हे इतक्या लवकर फार कमी जणांना ओळखता येतं. शाब्बास."

सानिकानं आनंदानं हॉर्न वाजवला आणि आईला फोन लावायला पळाली.

मॅडमनी पाटीएवढा एक पडदा मयुरीपुढे धरला. वर तिचा फोटो, परवान्याचा क्रमांक. खाली एक रकाना होता: 'पुढील प्रशिक्षणासाठी शिफारस.' तो कोरा नव्हता. संगणकानं तो आधीच भरून ठेवला होता. सानिका लोहार, पूर्वभान गुण शहाण्णव.

"इथे अंगठा ठेवायचा," मॅडम म्हणाल्या. "पोरगी हिरा आहे हो. स्वतःची भीती मध्ये न आणणारं असं अंग शंभरात एखाद्याचं असतं."

मयुरीनं ते नाव दोनदा वाचलं. "हिला गाडी चालवायचीय, मॅडम. आमच्या गावची."

"सगळ्यांनाच चालवायची असते." मॅडमचा आवाज जरा खाली आला. "मलाही चालवायची होती. पण अपघात शून्यावर आलेत, ते या सीटवर कुणीतरी बसतं म्हणून. तुम्हाला वाटतं मला हे आवडतं?"

मयुरीनं अंगठा पुढे केला. काचेतून सानिका दिसत होती, हातवारे करकरून आईला वळणं सांगणारी. अंगठा पडद्यापासून बोटभर लांब होता. बाबरकाकांचाही असाच कुठंतरी थांबला असेल, आणि मग टेकला असेल. तिनं हात मागे घेतला.

"आज नाही दिलं तर?"

"मुदत वर्षभराची आहे. वर्षाच्या वर एक दिवस गेला की परवाना रद्द. मग तुम्ही ना चालवणाऱ्या, ना शिकवणाऱ्या. घरी बसाल. कळतंय ना?"

"कळतंय. वर्षानंतर बसेन घरी." मयुरीनं पट्ट्याचं बक्कल घट्ट केलं. घाटात लहानमोठ्या सतरा वाड्या होत्या, आणि बहुतेक वाड्यांत गाडी येणारं माणूस जेमतेम एखादंच होतं. "मला एवढंच सांगा मॅडम, उद्यापासून सुरुवात केली तर एका वर्षात किती जणी शिकवून होतील?"