अपुरी फुंकर

ताईंच्या टेबलावर यंत्रं कधी एकटीदुकटी यायची नाहीत, खोकीच्या खोकी यायची. राज्यात जिथे जिथे म्हणून पोलीस गाडी अडवून "फुंका" म्हणतात, तिथली सगळी यंत्रं वर्षातून एकदा या लांबट, पांढऱ्या खोलीत तपासणीला येत. मुठीत मावेल एवढं यंत्र, त्यात खोचायला प्लास्टिकची नळी. फुंकर चालू असेपर्यंत ते एकसुरी वाजतं, मग आकडा दाखवतं. फुंकर लहान पडली तर आकडा येत नाही, नुसते दोन शब्द येतात : फुंकर अपुरी.

"ताईंचं नाक यंत्रापेक्षा तिखट," असं ऑफिसात म्हणायचे. ताई त्यावर हसायच्या नाहीत. ते नाक घरीच तयार झालं होतं. नवरा तसा लाख माणूस, पण दुपारी मित्र जमले की 'दोनच' व्हायचे आणि वर हा बाबा स्वतः गाडी चालवत घरी यायचा. "इतकी वर्षं चालवतोय, साधा ओरखडा आलाय का?" भांडून झालं, अबोला धरून झाला. पालथ्या घड्यावर पाणी. लेक पिल्लू गाडीत असताना तरी पिणार नाही, एवढी शपथ मात्र त्याने घेतली होती, तीही पोरीचीच. शनिवारी दुपारी तिला पोहण्याच्या वर्गातून आणायचं काम त्याचं होतं.

त्या शनिवारी दुपारी हवालदारांनी शेवटचं खोकं आणून टेबलावर आदळलं.

"घ्या ताई. यातली सगळी अपघाताच्या जागेवर नेलेली. राज्याचा एक कोपरा सोडला नाही बघा."

"हळू हो! नाजूक असतात ती."

"आम्ही पण नाजूकच, पण आम्हाला कोण विचारतंय?" हवालदार खुर्चीत टेकले. "ताई, तुमचा आकडा कितीही बरोबर असला ना, आमचे साहेब नव्या पोरांना एकच घोकायला लावतात. आधी किल्ली, मग फुंकर. किल्ली त्याच्याच हातात राहिली तर आकडा घेऊन काय चाटायचाय?"

"बरोबर आहे त्यांचं."

"पिणारा बहुतेक वेळा आपल्या पायांनी खाली उतरतो हो. जातो तो समोरून येणारा." एवढं बोलून ते चहाही न घेता निघून गेले.

तपासणीची सुरुवात नेहमी खोलीच्या हवेपासून करायची. यंत्र नुसतं चालू करून ठेवायचं. समोर कोणी नाही म्हणजे शून्य यायला हवा. ताईंनी पहिलं यंत्र ठेवलं, नळी खोचली. शून्य आला. लिहायला म्हणून त्यांनी पेन उचललं आणि यंत्र वाजू लागलं.

कोणी फुंकावं तसंच वाजत होतं. आधी जोरात, मग दमसास संपत आल्यासारखं खाली येत थांबलं. आकडा शून्य.

सर्किट बिघडलं असेल. ताईंनी दुसरं घेतलं. तेही वाजलं, जरा जास्त वेळ. पुन्हा शून्य. तिसऱ्याची फुंकर मध्येच थरथरली, म्हाताऱ्या माणसाची थरथरते तशी. ताईंनी नळी उजेडात धरली. आतून वाफ धरली होती.

त्यांनी नळीचा वास घेतला. दारूचा लवलेश नाही. ज्यांनी घोटसुद्धा घेतला नव्हता, त्या समोरून येणाऱ्यांच्या फुंकरी होत्या या.

"काय भोंगा लावलाय मघापासून?" शेजारच्या खोलीतून लेखनिक ओरडले. "बॅटऱ्या काढा की त्यांच्या!"

ताईंनी तिन्ही यंत्रांच्या बॅटऱ्या काढून रांगेने टेबलावर मांडल्या. यंत्रं वाजतच राहिली. मग मागच्या मांडणीवरची वाजू लागली, वरच्या फळीवरची, दाराजवळच्या न फोडलेल्या खोक्यांतली. कुठे दमदार, कुठे बारीक, आणि जिथे बघावं तिथे शून्य. शेजारच्या खोलीत लेखनिकांची खुर्ची सरकली आणि त्यांची पावलं घाईघाईने जिना उतरून गेली.

मग एकेक करत सगळी शांत झाली.

खोक्याच्या तळाशी एकच उरलं होतं. ते आखूड वाजलं. त्या आवाजात बारीकशी शिट्टी होती. लगेच तुटलं.

फुंकर अपुरी.

पुन्हा तीच शिट्टी. पुन्हा अपुरी.

ताईंनी त्यात नळी खोचली आणि तिने वाफ धरताच ती नाकाशी नेली. पोहण्याच्या तलावात औषध टाकतात, त्याचा वास होता तो. दर शनिवारी पिल्लूच्या केसांना येणारा. आणि पिल्लूचे पुढचे दोन दात पडल्यापासून ती गरम दुधावर फुंकर मारायची ना, तेव्हा अशीच शिट्टी वाजायची.

यंत्र पर्समध्ये कोंबून ताई धावत सुटल्या. तलाव दोन गल्ल्यांपलीकडे होता.

फाटकाशी गाडी चालू स्थितीत उभी होती. पिल्लू पुढच्या सीटवर, केस ओले. दार उघडायच्या आतच काचेच्या फटीतून दारूचा वास आला.

"अगं, तू इथे कशी?" नवऱ्याने विचारलं.

ताईंनी नवी नळी खोचली. "फुंक."

"वेडी झालीस का? लोक बघताहेत."

"फुंक म्हणते ना!"

तो फुंकला. हात जराही न हलवता ताईंनी यंत्र धरलं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबल्या. मग नळी काढून घेतली. जन्माची सवय ती, अशी थोडीच जाते! आकडा बघून त्यांना रडूच कोसळलं.

"पोरीची शपथ घेतली होतीस ना रे?"

"दोनच गं…"

"उतर पिल्लू! चालत जाऊ आपण. आणि तू जा, कर तोंड काळं!"

दार धाडकन आपटलं. गाडी झटका घेत निघाली आणि तलावाच्या भिंतीला वळसा घालून मागच्या रस्त्याला लागली.

यंत्र पर्समध्ये टाकून ताई फुटपाथवरच बसल्या. पिल्लूला त्यांनी छातीशी घट्ट धरलं. "वाचलं गं बाई माझं लेकरू," असं किती वेळा म्हणाल्या कोण जाणे. त्यांना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

"आई, तुझी पर्स वाजतेय."

आखूड आवाज, बारीक शिट्टी. ताईंनी पिल्लूकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"आई, ही माझ्या मैत्रिणीची शिट्टी आहे. तिचे पण दोन दात पडलेत. ती अशीच वाजवते."

"कुठे आहे ती?"

"मागच्या फाटकाने जाते ती. रस्ता ओलांडून."

ताईंनी मूठ उघडली. किल्ली असायला हवी होती तिथे नवऱ्याने फुंकलेली नळी होती. पर्समधलं यंत्र पुन्हा वाजलं. या वेळी शिट्टी सुरू झाली आणि अर्ध्यातच थांबली.

त्यांनी यंत्र बाहेर काढलं. तळहातावर त्याचं वजन नेहमीएवढंच होतं. त्यात कोणतीच नळी खोचलेली नव्हती, तरी आकड्याच्या काचेवर वाफेचा एक छोटा गोल धरला होता. ताई बघत असतानाच तो कडेकडेने विरत गेला आणि काच कोरडी झाली.