नवी बिऱ्हाडं

गल्लीतल्या सगळ्या घरांची दारं सुतारानंच घडवली होती, म्हणून गाव सोडताना लोक किल्ल्याही त्याच्याकडेच ठेवून जात. टेकडीपलीकडची दगडखाण बंद पडली तेव्हापासून हे चाललं होतं. "जरा लक्ष असू द्या," एवढं म्हणून माणसं ट्रकमध्ये चढत, आणि सुतार किल्ली कारखान्यातल्या खिळ्याला अडकवी. कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची पडवी. पण तो तिला कारखानाच म्हणे आणि बायको त्यावरून त्याची थट्टा करी.

रानडुकरं परतली याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. आजोबांच्या वेळी ती होती. पुढं शेतं वाढली, बंदुका आल्या आणि ती दिसेनाशी झाली. आता शेतं पडीक पडून झुडपं थेट परसापर्यंत उतरली होती. रान दाराशी आलं तर रानातली जनावरंही येणारच, यात सुताराला काही गूढ वाटत नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी बटाट्याचे वाफे पार उलथेपालथे केले. बायकोनं डबे बडवून, ओरडून ओरडून घसा कोरडा केला. त्यानं तारेचं कुंपण घातलं.

मग एकाएकी त्यांनी उकरणं सोडलं. हे मात्र त्याला खटकलं.

आता ती भरदिवसा रस्त्यानं जात. माणूस दिसला की कडेला सरत. कुत्री त्यांच्यावर भुंकत नसत. मान खाली घालून वाट सोडत.

शेजारचा शिंपी निघाला त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. सामान बांधून झालं होतं. शिंप्यानं सुताराला हळूच हाक मारली.

"ती बघितलीत का?"

गल्लीच्या वळणावर डुकरं उभी होती. एक मोठा नर, एक मादी, तीन पिल्लं आणि मागं एक म्हातारी डुकरीण. चरत नव्हती, हुंगत नव्हती. नुसती उभी.

"उकिरड्यावर आली असतील," सुतार म्हणाला.

"उकिरडा खालच्या अंगाला आहे," शिंपी म्हणाला.

सुतार पिल्लांकडे बघत राहिला. एका वेताची पिल्लं एका मापाची असतात. ही उतरंडीसारखी होती, एकाहून एक लहान. शिंप्याच्या पोरांसारखी, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते तिथंच दाबून टाकलं. शिंप्याची आई खाटेवरून तिकडंच बघत होती.

शिंप्याचं बिऱ्हाड गेल्यावर सुतार त्याच्या घरात डोकावायला गेला. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. मागच्या दाराची कडी मात्र निघालेली होती. तुटली नव्हती, निघाली होती. आत ओल्या मातीचा आणि गरम केसांचा वास भरला होता. मधल्या खोलीत नर आणि मादी पडली होती, दोघांच्या मधे पिल्लं. काही फोडलेलं नव्हतं, कुठं घाण नव्हती. म्हातारी आतल्या अंधाऱ्या खोलीत एकटीच, भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं कूस बदलली आणि माणसानं सोडावा तसा लांब सुस्कारा सोडला.

कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं सुतारानं दार लोटलं. घरी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण पाय न वाजवता चालत आलो.

मग सुतारानं बाकीच्या बंद घरांतही डोकावून पाहिलं; प्रत्येकात एक वेगळाच कळप होता. वनरक्षक आला तेव्हा त्यानं त्याला विचारलं. तो हसला. "थंड फरशी, डोक्यावर छप्पर. माणसाला आवडतं ते त्यांना नको का आवडायला?"

"पण प्रत्येक घरात वेगळी?"

"कळप फुटतात, काका," असं म्हणून तो बरोबर आणलेला चहा प्यायला आणि ऊन कलायच्या आत निघून गेला.

दवाखान्यातली नर्स एकटीच राहायची. तिची बदली झाली. आदल्या दुपारी वळणावर एकच मादी उभी होती.

त्यानंतर सुतारानं बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत भाजी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "मग आपणही जाऊ. लेकीचे दिवस भरत आलेत, केव्हाची बोलावतेय. इथं कुणासाठी राहायचं?"

"दारांचं कोण बघणार?"

"दारं काय गळ्यात बांधून घेतलीत?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचे केस कधी इतके पिकले हे त्याला कळलंच नव्हतं. लेकीच्या घरी तिला दोन माणसं बोलायला मिळतील, हेही खरं होतं. "बरं," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की हे आपण आधीच का म्हणालो नाही, असं त्याला झालं.

तीन-चार दिवस आवराआवरीत गेले. रंधे, पटाशा, करवती त्यानं गोणपाटात गुंडाळल्या. कपडे दोघांचे मिळून एकाच ट्रंकेत बसले. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

दुपारी बायको वाळलेले कपडे काढायला बाहेर गेली. तारेपाशीच थांबली.

"अहो."

"आली का?" त्यानं आतूनच विचारलं.

तिनं वळणाकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

"आलंय," ती म्हणाली.

तो बाहेर आला. वळणावर एक रानडुक्कर उभं होतं. ऊन तिरपं त्याच्या पाठीवर पडलं होतं. मान वर करून ते त्यांच्या घराकडे बघत होतं.

"दुसरं मागून येत असेल," सुतार म्हणाला.

"असेल."

दोघं पायरीवर बसली. रस्ता रिकामाच होता. झुडपं हलली, पण ते वाऱ्यानं.

डुक्कर सावकाश पुढं आलं, फाटकापाशी पोचलं आणि बसलं. नर की मादी, हे त्या कोनातून कळत नव्हतं. उठून बघावं, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

ऊन उतरलं. दुसरं आलं नाही.

बायको उठली. त्याच्या खांद्यावर हात टेकवून, क्षणभर तसाच ठेवून, आत गेली.

थोड्या वेळानं ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

तो दाराशी गेला. ती पाठमोरी बसली होती. एकत्र भरलेले कपडे वेगळे करून तिनं दोन ढीग घातले होते. एक ती पुन्हा ट्रंकेत भरत होती. दुसरा तिनं पलंगावर नीट, कडेला कड जुळवून रचला होता.

कोणता ढीग कुणाचा, हे बघायला त्याला आत पाऊल टाकावं लागलं असतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.