वगळलेले सोमवार

विधेयक सभागृहात यायला अजून अकरा दिवस होते, पण ते मंजूर होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौकातल्या फलकावर आकडे लागलेसुद्धा होते. होय एकशे चव्वेचाळीस, नाही एकशे त्रेचाळीस, तटस्थ एक. उद्या पाऊस आहे की ऊन, हे बघावं तसे लोक फलकाकडे बघत आणि आपापल्या कामाला लागत.

ऋतुजा बोरुडे मात्र तिथे थांबायची. सकाळी देवळातून परतताना, हातात प्रसादाची वाटी घेऊन, ती शेवटच्या आकड्याकडे बघत राहायची. तटस्थ एक. तो एक म्हणजे तिचा नवरा, आमदार तुषार बोरुडे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

गेलेला माणूस मत कसं देतो, हे त्या काळात कुणी विचारत नसे. शरीराचं तापमान असतं तसं प्रत्येक आमदाराचं एक कलमान असे. त्याचा कल कुठे, किती आणि कोणत्या विषयावर, हे सांगणारा आकडा. सभागृहातल्या प्रत्येक मताची नोंद यंत्राकडे जाई. कोण कुणाबरोबर होय म्हणतो आणि कोण कुणाच्या विरुद्ध जातो, एवढंच ते बघे. पंगतीत कोण कुणाशेजारी पान मांडून घेतो हे वर्षानुवर्षं बघितलं, की उद्याची पंगत कशी बसेल ते सांगता येतं, तसंच हे. शंभरातली सत्त्याण्णव मतं यंत्र आधीच बरोबर सांगायचं. पुढे पुढे तर आमदारच आपलं कलमान बघून मत देऊ लागले. आकड्याबाहेर मत दिलं की माणूस बेभरवशाचा ठरे, आणि पुढच्या खेपेला लोक त्याला विचारत नसत.

मग कायदाच झाला. आमदार मुदतीच्या मधेच वारला तर पोटनिवडणूक नको. लोकांनी पाच वर्षांसाठी त्याचा कल निवडला होता, आणि कल तर यंत्रात शिल्लक आहेच. उरलेल्या काळात तोच मत देईल. याला शेषमत म्हणत.

तुषाररावांचं शेषमत आरोग्याच्या प्रत्येक प्रश्नावर एकच येई. तटस्थ.

वर्षश्राद्धाला ईरा आली होती. ही त्यांची एकुलती एक मुलगी. डॉक्टर झाल्यावर तिनं शहरातली नोकरी नाकारली आणि थेट कोळंबदरीच्या प्रसूतिगृहात जाऊन राहिली. दरीत तीस पाडे आणि खाट असलेली जागा एकच. या वर्षाअखेर अशा वीस प्रसूतिगृहांची मुदत संपत होती. फलकावरचं विधेयक ती मुदत वाढवण्यासाठीच होतं.

पान वाढून झालं, कावळा शिवला. ईरा हात धुऊन ओट्याशी आली.

"एका मतानं पास होतंय, आई. परक्या लोकांच्या मतानं. आमच्या नर्सबाई काल हसत म्हणाल्या, डॉक्टर, तुमचे वडील तेवढे अजून विचारच करतायत."

"ईरा, आजच्या दिवशी असं बोलू नये गं."

"मी नाही बोलत, लोक बोलतात. एकोणीस वर्षं, आई! बायका, बाळं, दवाखाने, कशावर म्हणून बाबांनी तोंड उघडलं नाही. वाईट नव्हते ते. घाबरट होते. आणि मरूनही घाबरटच राहिले."

ऋतुजानं पातेलं पुसून जागेवर ठेवलं. मग वीस वर्षं जपलेली गोष्ट तिनं लेकीला सांगितली.

ईरा सहा वर्षांची असताना ताप तिच्या डोक्यात गेला होता. आठ दिवस तिनं डोळा उघडला नाही. तेव्हा ऋतुजानं महादेवाला शब्द दिला होता, पोर उठली तर तिचा बाप वर्षभर दर सोमवारी मौन पाळेल, आणि ज्या लेकरासाठी हे व्रत, त्याला ते कधी कळू द्यायचं नाही. पोर उठली. तुषाररावांनी नवस ऐकला, हसले आणि पुढच्याच सोमवारी गप्प झाले. ईराला एवढंच माहीत होतं, की बाबा सोमवारी बोलत नाहीत. आता सभागृहाची जुनी रीत अशी, की नाव पुकारलं की उभं राहून होय किंवा नाही म्हणायचं. आणि आठवड्याचे विषय ठरलेले. आरोग्य आणि महिला-बालकल्याण सोमवारी.

ईरानं आईचा हात हातात घेतला, आजारी माणसाचा घ्यावा तसा.

"आई, तुला असंच वाटत राहायला हवं. तू त्यांना देव मानलंस. पण कलमान देवधर्म बघत नाही ना."

लेकीनं आईचं ऐकलं नव्हतं, तिला समजून घेतलं होतं. हे ऋतुजाला जास्त लागलं.

गुरुवारी ती कलमान कक्षात गेली. तिथली शास्त्रज्ञ डॉ. स्वरा कुलथे तिशीची होती. टेबलावर डबा उघडा, भाजीचा घास अर्धा. तिनं घाईघाईनं डबा झाकला.

"जेव बाळा, मी थांबते."

"नाही काकू, झालंच होतं. बोला."

ऋतुजानं सगळं सांगितलं. स्वरानं मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे सोमवारचं गप्प राहणं हे मत नव्हतंच."

"नव्हतंच गं. ते व्रत होतं."

"यंत्राला ते कसं कळावं, काकू? माणूस हजर आहे, नाव पुकारलं, बोलला नाही, म्हणजे तटस्थ. एकदा नाही, शेकडो वेळा. यंत्राला कारण दिसत नाही. फक्त कृती दिसते."

"मग तुम्ही कारण घाला ना त्यात."

"कारण घालता येत नाही. चुकीची नोंद काढता येते. वारसानं लिहून दिलं की अमुक दिवशी अमुक कारणानं माणूस मत द्यायला मोकळा नव्हता, तर ते दिवस आम्ही वगळतो. मग बाकीच्या दिवसांवरून, आणि त्यांच्या कलाच्या आसपासचे आमदार सोमवारी काय म्हणतात त्यावरून, नवं मत निघतं."

"मग वगळा."

स्वरानं फलकाचे आकडे टेबलावर उमटवले. "जरा हे बघा. विधेयक आत्ता एका मतानं मंजूर होतंय, ते तटस्थ आहेत तरी. उद्या ते होय निघाले तर दोन मतांनी होईल, फरक काहीच नाही. पण नाही निघाले तर बरोबरी होते. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत, आणि प्रथेप्रमाणे ते आहे तो कायदा न बदलण्याच्या बाजूनं पडतं. म्हणजे विधेयक बारगळलं. प्रसूतिगृहं मुदतीबरोबर बंद."

"ते नाही म्हणणार नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तीस वर्षं मी त्यांच्या ताटात वाढलंय, बाळा. पोर तापानं फणफणली तेव्हा त्यांना रडताना मी पाहिलंय. तो माणूस दवाखान्याला नाही म्हणेल?"

"आधी नवं मत बघू, मग सही करते, असं चालणार नाही काकू. तशी सोय ठेवली असती तर प्रत्येक घरानं हवं ते मत निवडून घेतलं असतं. आणि एकदा दुरुस्त झालेली नोंद पुन्हा चुकीची करता येत नाही. राहू द्या ना. दरीचं काम होतंय. बिघडतंय काय?"

बिघडत काय होतं? ज्या लेकरासाठी बाप गप्प बसला, तेच लेकरू त्याला घाबरट म्हणत होतं, आणि तिचा विश्वास एका आकड्यावरच होता. ऋतुजानं डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं. तिला भीती वाटली नाही. शंका असती तर भीती वाटली असती. तिनं सही केली.

यंत्राला पाच-सहा मिनिटं लागली. तेवढ्यात शिपायानं चहा आणून ठेवला. उपासाचा दिवस नव्हता, म्हणून ऋतुजानं कप उचललासुद्धा.

स्वरा पडद्याकडे बघत होती.

"काय आलं गं?"

"नाही." स्वराचा आवाज एकदम लहान झाला. "शंभरात चौऱ्याण्णव."

"यंत्र चुकलं असेल."

"व्रताच्या आधीचं एक वर्ष ते सोमवारी बोललेत, काकू. सात वेळा. सातही वेळा पक्षाबरोबर, नाही. बाकीच्या दिवशीही पक्षाबाहेर एक मत नाही."

"मग परत जुनं कर. माझी सही फाड."

"खरी नोंद आता खोटी कशी करू?"

चहावर साय धरली. स्वरानं चाचरत विचारलं, "काकू, व्रत किती वर्षांचं होतं?"

"एका वर्षाचं. उद्यापन केलं आम्ही. पाच मेहुणं जेवायला होती."

"मग पुढची अठरा वर्षं?"

ऋतुजाला ती संध्याकाळ आठवली. मेहुणं जेवून गेली होती, ती केळीची पानं गोळा करत होती. म्हणाली होती, सुटलात बाई एकदाचे, आता सोमवारी खुशाल बोला. तुषारराव झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "असू दे गं चालू. बरं वाटतं गप्प बसून." केवढी श्रद्धा, असं वाटून तिचे डोळे भरून आले होते.

"त्या अठरा वर्षांत," स्वरा पडद्यावरचं वाचत होती, "सोमवारी दोनशे अकरा मतदानं झाली. पक्षाचा आदेश दर वेळी नाही म्हणण्याचा होता. व्रत म्हटल्यावर पक्षानंही त्यांना अडवलं नसेल." तिनं पडद्यावरून नजर काढली. "दोनशे अकरा वेळा ते नाही म्हणाले नाहीत, काकू."

होय म्हणायची हिंमत त्या माणसात नव्हती. नाही म्हणवत नव्हतं. दोन्हींच्या मधे बायकोच्या नवसानं त्याला बोटभर जागा करून दिली होती, आणि अठरा वर्षं तो त्या जागेत उभा राहिला होता. सगळ्या नोंदीत त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. ते आता चूक म्हणून वगळलं गेलं होतं. खाली वारसाची सही होती.

मतदान सोमवारी झालं. सभागृहात नावं पुकारली गेली, जिवंत माणसं उठून आपापल्या आकड्याप्रमाणे बोलली. बोरुडे हे नाव आलं तेव्हा छतातल्या ध्वनिक्षेपकातून तुषाररावांच्याच आवाजात शब्द आला. "नाही." सोमवारी त्यांचा आवाज ऋतुजा वीस वर्षांनी ऐकत होती. घरात पडद्यासमोर बसून तिनं तो ऐकला. मग अध्यक्षांनी आपलं मत दिलं, आणि पुढचा विषय पुकारला गेला.

ते गेल्यापासून त्यांचं सोमवारचं मौन ती स्वतः पाळत होती. एवढं मोठं व्रत अर्धवट राहू नये म्हणून. समईत तेल घालून ती देवासमोर बसली, तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो उचलून कानाला लावला.

"आई?" ईराच्या मागे कुठेतरी बाळ रडत होतं. "आई, बाबांनी विरोधात मत दिलं? अगं, ते तटस्थ होते ना? बरे होते की गं तटस्थ! इथे अठ्ठावीस जणींचे दिवस भरत आलेत, त्यांना मी आता कुठे पाठवू?" ती श्वास घ्यायला थांबली. "नोंद बदलली म्हणतायत. वारसाची सही आहे म्हणे. कुणाची सही, आई? बोल ना. तू केलीस का?"

समईची वात सरळ जळत होती. सोमवार सुटायला अजून दोन तास होते.

"आई, आहेस ना तू? बोल काहीतरी."

ऋतुजानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. आत सगळं जळत होतं, आणि तरीही बोलावं लागत नव्हतं. आज सोमवार होता. गप्प बसून किती बरं वाटतं, ते तिला कळलं.