बंद खोलीतून जाणारं

पायरीवर दुपारचं ऊन असतानाच इंटरनेट कंपनीचा वायरमन त्या बाईंच्या घरी पोहोचला. तक्रार साधीच होती. बाईंना परदेशातली मुलगी फोनवर लख्ख दिसायची, मुलीला मात्र आई दिसायची नाही. येणारं धो धो येत होतं, जाणारं अडत होतं. त्याच्या स्वतःच्या घरी नेमकं उलटं चाललं होतं. तिथे धड काही येतच नव्हतं, आणि त्याचा सगळा संशय वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावर होता.

"घरात आणखी कोण वापरतं?"

"कोण असणार? मी एकटीच."

उत्तर जरा घाईनेच आलं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याला वाटलं. त्याने टीव्ही बंद केला, बाईंना फोन बंद करायला लावला. तरी राउटरचा दिवा लुकलुकतच राहिला. मग त्याने ऑफिसातल्या मित्राला फोनवर गाठलं.

"अरे, तिथून अखंड व्हिडिओ जातोय," मित्र म्हणाला. "सगळं अपलोड तोच खातोय."

वायरमनने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. चोरून भाडेकरू ठेवलाय बाईंनी, दुसरं काय.

"ती खोली उघडता?"

किल्ली देताना बाईंचा हात अडखळला. आत औषधांचा कोंदट वास होता. खुर्ची, टेबल, वायर गुंडाळून ठेवलेला कॅमेरा. भिंतीला टेकलेली काठी बाजूला सारून त्याने प्लग पाहिला. त्यात काहीच जोडलेलं नव्हतं.

"हे इथे बसून नातीला गोष्टी सांगायचे, रोज याच वेळी," बाई हळूच म्हणाल्या. "ती गेली... तरी बसायचे. समोर नुसता काळा पडदा. म्हणायचे, कुणीतरी ऐकेलच. मग हेही गेले."

बाईंचे साहेब गेल्यावर इथला जुना राउटर काढून नेणारा तोच होता. असे डबे ऑफिसात जमा करायचे, आतलं सगळं पुसायचं, मगच दुसरीकडे लावायचे. त्याने तो तसाच स्वतःच्या घरी नेऊन लेकीच्या खोलीत लावला होता.

"व्हिडिओ जातोय कुठे?" त्याने फोनवर मित्राला विचारलं.

मित्राने पत्ता शोधला. "थट्टा करतोयस का माझी? तुझ्याच घरी..."

त्याने बायकोला फोन लावला. "लेक कुठाय?"

"खोलीत. त्या आजोबांच्या गोष्टी ऐकतेय. तूच लावून दिल्यास ना? आज तर चपला घालून बसलीये. ते न्यायला येणार म्हणते."

"आधी तो डबा बंद कर..."

"बंदच पडला बघ, आत्ता."

इथे राउटरचा दिवा शांत झाला. बाहेर बाईंनी फोन चालू केला, आणि लगेच मुलीचा आनंदी आवाज घरभर घुमला. "आई, आज किती स्पष्ट दिसतेस गं."

"थांब हं, दारावर कुणीतरी आलंय," त्याच्या कानात बायको म्हणाली.

"अगं, उघडू नकोस..."

पलीकडून छोट्या चपलांचा पळत जाणारा आवाज आला. बाहेर बाईंची मुलगी विचारत होती, "आई, मागे बाबांची खोली उघडी दिसतेय. त्यांची काठी कुठे गेली?"

वायरमनने वळून पाहिलं. भिंतीशी काहीच नव्हतं.